पुष्पाताईची रेघ

समुद्रपूर तालुक्यात डोक्याची पारख असलेला माणूस म्हणाल त मी एकच. पुष्पाताईनं मातर पह्यल्याच भेटीत माह्या डोक्याची पारख केली आन् म्हणाली, "बाबूभाऊ, तुह्या डोक्यात उवा बी टिकणार नाई, त्याईले खाले काईच नाई तेथं."

मी न्हावी. गिरडच्या रस्त्याले आमचं गाव, तेथं ग्रामपंचायतीच्या बाजूले माही टिनाची टपरी. एक खुर्ची, एक आरसा, आरशाले मधातून तडा. त्या तड्यानं गिऱ्हाइकाले सोताचे दोन तोंडं दिसते, म्हणून मी सांगतो का एका दाढीत दोन दाढ्या करून देतो. शाळेचं म्हणाल त दुसरीत मी दोन खेपा बसलो. तिसऱ्या खेपेले मास्तरनंच बदली मागून घेतली.

पुष्पाताई म्हणजे आमच्या गावची आशाताई. बाळंतिणीले दवाखान्यात नेणं, लेकराईले डोस पाजाले बोलावणं, गोळ्या वाटणं, हे तिचं काम. दहावी पास. बौद्ध वस्तीतलं शेवटचं घर तिचं. नवरा लवकर गेला, एक पोरगी देवळीले देलेली. उंचीनं बुटकी, पण चाल अशी का कुत्रं भुंकाचा इचार करेपर्यंत ही पुढच्या आंगणात. खांद्याले पिशवी, पिशवीच्या बंदाले सुतळीनं बांधलेलं नेलकटर, आन् अंबाड्यात खोसलेला बॉलपेन. बाकीच्या बाया अंबाड्यात फूल खोसते, इनं पेन खोसला. मी म्हणो, "ताई, शाई गळली त केस काळे कराले माह्यापाशी याचं काम नाई." त ती म्हणे, "तू आपले दोन केस सांभाळ भाऊ."

कोण्या आंगणात गेली का मायसंग बोलाच्या आंधी ती लेकरू पाहे. कानाच्या मांगं, नाकाच्या खाली, कोपरावर, गुडघ्याच्या मांगच्या घडीत. माय म्हणे, "बसा ताई, च्या मांडतो." ताई म्हणे, "च्या मांग मांड, आंधी याचे नखं काप. खाजवते, खाजवलं का चामडी फाटते, आन् तेथूनच घुसते." काय घुसते म्हणून कोणी इचारलं त म्हणे, "दिसत नाई इतकं लहान असते. दिसलं असतं त तुम्हीच झाडूनं हाकललं असतं."

फोडाचं तिचं शास्त्र मले पाठ होतं, कारण ते मी दुकानात तिची नक्कल करून लोकाईले हासवाले वापरो. पदरासारखा टॉवेल डोक्यावर घ्याचा, वस्तरा डोक्याले खोसाचा आन् बारीक आवाजात म्हणाचं, "पाय बाई, फोड फुटून वरतून मधाच्या रंगाची पपडी धरली का समजजो, हे एकट्याचं राहत नाई, घरभर फिरते. आन् लाल हाय का? सुजलं का? हात लावला त गरम लागते का? दुखते का? आन् ताप आला, लेकरू सुस्त पडलं, त मंग शेजारणीले इचारत बसू नोको, गाडी पाय." वामनभाऊ, म्हणजे आमचा रोजचा गिऱ्हाईक, इतका हासे का वस्तरा बाजूले घ्या लागे. एक डाव मी अशीच नक्कल करून राह्यलो होतो आन् वामनभाऊ हासेचना. मांगं पाहतो त ताई दारात. मले वाटलं आता खेटर पडते. ती म्हणाली, "एक इसरला तू. हात पालथा लावाचा. तळव्याले गरम समजत नाई, तुह्या त बिलकुलच नाई, रोज गरम पाण्यात असते." आन् माहा हात पकडून पालथा केला, वामनभाऊच्या गालाले लावला. "हं, आता कर नक्कल."

माह्या दुकानावर तिचा राग होता तो टॉवेलचा. उन्हाळ्यात शाळेले सुट्ट्या लागल्या का बाप लोकं पोराईले लायनीनं आणून बसवे, टक्कल कराले. चार पोरं, एक टॉवेल, एक कंगवा. ब्लेड मी बदलवो, तेवढा इमानदार हाय. एका दिवशी ताई आली, खुर्चीतल्या पोराच्या कानामांगं पाह्यलं, म्हणाली, "मशीन बंद कर."

"काऊन?"

"याच्या कानामांगं पपडी हाय. यानं पुसलेल्या टॉवेलनं त्या तिघाईले पुसशीन त आठ दिवसात चारी घरं माह्या रजिस्टरात."

मी म्हणलं, "ताई, टॉवेल कालच धुतला."

"कालपासून किती मुंडकी पुसली?"

मोजता येत नसलं का माणूस हासते. मी हासलो. पोराईले बी पुसलं. आठ दिवस त लांब, पाचव्याच दिवशी दोघाच्या नाकाखाली फोड, तिसऱ्याच्या डोक्यावर. ताईनं आपल्या घरून गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून उकळतं पाणी आणलं, माह्या दुकानापुढं ठेवलं, माहे सगळे टॉवेल त्यात टाकले आन् लाकडानं घोटत बसली. भर चौकात. जाणारा येणारा इचारे, "ताई, काय शिजवून राह्यली?" ती म्हणे, "बाबूभाऊची इज्जत." त्या दिवसापासून मी प्रत्येक पोराले अलग टॉवेल ठेवतो. आता मोठ्या चढाईनं सांगतो, पण तवा आठ दिवस मी तिच्या नावानं बोटं मोडली होती.

मंग रेघीचं.

कोण्या लेकराचं आंग फोडाच्या भवताल लाल झालं, का ही अंबाड्यातला पेन काढे आन् जेथपर्यंत लाल हाय तेथपर्यंत कातडीवर रेघ मारे. गोल, वाकडी, जशी लाली तशी. मायले सांगे, "दवाखान्यातली दवाई सुरू ठेव आन् ह्या रेघीवर ध्यान ठेव. लाली रेघीच्या भाईर निंगाली का मले हाक मार, मी नसली त गाडी काढ." गावात कोणाच्या पोटरीवर, कोणाच्या दंडावर असे नकाशे. मीनं तिचं नाव ठेवलं पटवारीण. म्हणलं, "ताईचं वावर मोजणं चालू हाय." ते नाव सगळ्या गावात चाललं. तिच्या तोंडावर बी म्हणत. ती म्हणे, "म्हणा, पण वावराचा धुरा सरकला त सांगा."

देवळीच्या एका लग्नात त तिनं कहरच केला. तिच्या पोरीच्या सासरकडचं लग्न, मी बी गेलतो, नवरदेवाची दाढी माह्याकडं होती. मांडवात नवरदेवाच्या भाच्याच्या पायाले काचेचं लागलेलं, वरतून नवा सॉक्स. पोरगं बाकीच्या पोराईसंग पळत नव्हतं, खुर्चीत गप बसून होतं. ताईनं दुरून पाह्यलं. आपल्या जागची उठली, ओळख ना देख, खाली बसून पोराचा सॉक्स काढला. घोटा लाल. तिनं पेन काढून रेघ मारली. पोराची माय भडकली, "अवो बाई, नवे कपडे हाये त्याचे!" ताई म्हणाली, "रडणाऱ्या लेकराचं मले भेव नाई वाटत माय. गप बसलेल्याचं वाटते." लग्न लागलं, पंगत बसली, पंगत उठेपर्यंत लाली रेघीच्या दोन बोटं वर. आन् पोराले थंडी वाजाले लागली, भर मे मयन्यात. मांडवात गाडी एकच, नवरदेवाची, फुलाईनं सजवलेली. ताई त्या गाडीत पोराले आन् त्याच्या मायले घेऊन बसली आन् डायव्हरले म्हणाली, "चाल." मांगं नवरी रडाचं सोडून पाहत राह्यली का आपली गाडी कोण घेऊन गेलं. दोन घंटे वरात खोळंबली. पोरगं वाचलं. डॉक्टर म्हणाले, सकाळवर टाकलं असतं त कठीण होतं. मंग त्या मायनं ताईले लुगडं पाठवलं. ताईनं ते कधी नेसलं नाई. म्हणे, "लय झकपक हाय, लेकरं माह्याकडं पाहतीन, मी त्याईच्याकडं पाहाले पायजे."

ही गोष्ट मी दुकानात शंभर डाव सांगितली. तरी मले त्या रेघीचा अर्थ समजला नव्हता. आता तेच सांगतो, आन् हे सांगतानी नक्कल करता येत नाई.

माही नात चिमी तवा चार वर्साची. मच्छर चावला, तिनं खाजवलं, पोटरीवर फोड आला, भवताल लाल. माही सून वैशाली तिले ताईकडं घेऊन गेली. ताईनं त्याच दिवशी दोघीईले सरकारी दवाखान्यात नेलं. तेथल्या डॉक्टरनं दवाई देली आन् सांगितलं, वाढलं त लगेच आणा. घरी आल्यावर ताईनं रेघ मारली. मी म्हणलं, "झाली मोजणी?" ती म्हणाली, "सकाळी पाहतो मी. तू बी पाय, रिकामा त राहतं."

दुसऱ्या दिवशी वैशालीनं पोरीचं आंग धुतलं. रेघ पुसट झाली. मी पाह्यलं त लाली त्या पुसट रेघीच्या भाईर, दीड दोन बोटं.

आमच्या इकडं आंगाले नागीण उठली का जुनी माणसं तिच्या भवताल गेरूची रेघ मारते. रेघ म्हणजे बंधन. रेघ पक्की असली का नागीण पुढं सरकत नाई, असं माह्या आजीनं सांगितलं होतं, आन् आजीचं मले शाळेपरीस जास्त पाठ. मले इतके वर्स वाटे का ताईची रेघ बी तेच हाय. गेरूच्या जागी पेन, एवढंच. मंग मीनं काय केलं? रेघ पुसली म्हणूनच लाली सरकली, असं समजून दुकानातला पेन आणला आन् लालीच्या भाईरून नवी रेघ मारली. चांगली ठळक. दोन डाव फिरवली, मजबूत झाली पायजे म्हणून. उरलीसुरली जुनी रेघ चिमीले गुदगुल्या करत थुंकी लावून पुसून टाकली. चिमी हासली नाई. ते बी माह्या ध्यानात आलं नाई. वैशाली चुलीपाशी होती, तिले मालूम नाई.

दहाच्या सुमाराले ताई आली. तिले त्या दिवशी तालुक्याले मीटिंग होती, गाडी उभी होती. तिनं पालथा हात लावला. "गरम लागून राह्यलं," म्हणाली. मंग रेघीकडं पाह्यलं. लाली रेघीच्या आत. परत हात लावला. परत पाह्यलं. मंग माह्याकडं पाहून म्हणाली, "बाबूभाऊ, रेघ कालचीच ना?"

हो का नाई, एवढंच सांगाचं होतं. मी म्हणलं, "मंग? गावात दुसरा पटवारी हाय काय?"

ती हासली. भाईर गाडीचा हॉर्न वाजला. "हाय तेवढंच हाय म्हणजे दवाई लागू पडली," म्हणाली. "मी चार वाजता येतो." आन् गेली.

दोन वाजता चिमीले हुडहुडी भरली. पाय गुडघ्यापर्यंत सुजून चकचकीत. डोळे उघडे, पण हाक मारली त पाहे ना. ताईले फोन लावला, मीटिंगमंदी बंद. वामनभाऊची गाडी काढली, मोठ्या दवाखान्यात नेलं. तेथं जवान डॉक्टर होता. त्यानं पाय पाह्यला, रेघ पाह्यली, इचारलं, "ही कोणी काढली?"

वैशाली म्हणाली, "आमच्या आशाताईनं. काल."

"सकाळी लाली याच्या आत होती?"

"हो. ताईनंच पाह्यलं. ठीक हाय म्हणाली."

डॉक्टर म्हणाला, "चार घंट्यात इतकं कसं वाढन? तिनं बरोबर पाह्यलं नसन." मंग त्यानं आपला पेन काढला, लालीच्या कडेनं रेघ मारली, रेघीपाशी टाइम लिवला आन् नर्सले सांगितलं, "दर दोन घंट्यानं पाहा. भाईर गेलं का मले बोलवा."

तवा मले समजलं. रेघ बांधाले नसते. रेघ ही काल कोठं होतं ते सांगाले असते. तो 'काल'च मी खोडून टाकला होता.

सांगाचं होतं. तोंड उघडलं बी होतं. पण सून रडून राह्यली होती, माहा पोरगा जाम गावच्या गॅरेजातून तसाच काळ्या हातानं पळत आलता, आन् डॉक्टर पोरीले घेऊन आतमंदी गेला. मीनं तोंड बंद केलं. जलमभर ज्याचं तोंड बंद झालं नाई, ते तवा झालं.

चिमीच्या पोटरीले चिरा देऊन पू काढला. बारा दिवस ठेवलं. वाचली. पायावर वीतभर वण हाय, फ्राक घालत नाई आता.

ताई तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आली, केळं घेऊन. चिमीच्या उशाशी उभी राह्यली. पट्टीकडं पाह्यलं, मले म्हणाली, "हात गरम म्हणून राह्यला होता बाबूभाऊ. मीनं हाताचं आयकलं नाई, डोळ्याचं आयकलं. माह्या डोळ्यानं धोका देला." मी म्हणलं, "ताई, आता चष्मा लावजो." म्हणजे तेथं बी मले जोकच सुचला.

आन् तिनं खरंच डोळे तपासले. डॉक्टरनं सांगितलं, डोळे चांगले हाये. याचंच तिनं जास्त भेव घेतलं. डोळे खराब निंगाले असते त बरं झालं असतं तिले, कारण त समजलं असतं.

गावात बोंब झाली का ताईनं पाहून बी वळखलं नाई. मीटिंगमंदी तिले उभं करून इचारलं म्हणते. वामनभाऊ दुकानात म्हणाला, "पटवारीणीची मोजणी चुकली." सगळे हासले. मी बी. माहीच कारागिरी होती ना ती, हासलो नसतो त शक आला असता.

तवापासून ताईच्या अंबाड्यात पेन दिसला नाई. गोळ्या वाटे, वजनं करे, रजिस्टर भरे. कोणी फोडाचं लेकरू पुढं केलं त दारातूनच म्हणे, "दवाखान्यात दाखवा." जवळ येत नव्हती, हात लावत नव्हती. आता दवाखान्यात दाखवा हे चूक नाई. पण आमच्या गावचे लोकं तिच्या सांगण्यावर नाई, तिच्या चेहऱ्यावर जात. तिनं वाकून पाह्यलं, कपाळाले आठी पडली, का गाडी निंघे. आठी नाई, त गाडी नाई. वामनभाऊच्या नातवाले डोळ्याखाली फोड आला. ताई दारातून बोलली आन् गेली. वामनभाऊ म्हणाला, पाह्यलं बी नाई म्हणजे काई खास नसन. पाच दिवस काढले. पोराचं अर्ध तोंड सुजलं, डोळा बंद. पोरगं वाचलं, पण ती पापणी अजून बी अर्धीच उघडते.

त्या दिवशी मी दुकानात सांगितलं. एकदम सांगितलं, कैची खाली ठेवून. "गड्याहो, चिमीच्या पायावरची रेघ ताईची नव्हती. मीनं मारलती." वामनभाऊ पेपर वाचून राह्यला होता. त्यानं वर पाह्यलं. मंग जे हासाले लागला! "सालं, बाबूनं आता पटवाऱ्याची बी नक्कल सुरू केली." मी म्हणलं, "मायची आण, खरं सांगून राह्यलो." त आणखी हासले. अख्खं आयुष्य ज्यानं खोटंनाटं सांगून हासवलं, त्यानं खरं सांगाले कोठं जावं? पुष्पाताईच्या घरी, दुसरं कोठं. शंभर पावलं होती. मी दोन वर्स चाललो नाई.

मंग आयकलं का ताईनं काम सोडलं, देवळीले पोरीकडं चालली. मी दुकान टाकून जामले गेलो. चौरस्त्यावर ती उभी होती. एक पेटी, एक पोतं, खांद्याले तीच पिशवी. बसची वाट पाहून राह्यली होती. बाजूले एक बाई उभी, कडेवर लेकरू, लेकराच्या हनुवटीवर फोड. ताईनं त्याच्याकडं पाह्यलं, आन् मान फिरवून टरकाकडं पाहत राह्यली. मले ते पाहवलं नाई.

मीनं सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. रेघ, गेरू, थुंकी, वामनभाऊचं हासणं. तिचा उजवा हात पोटापाशी होता, तो तिनं पालथा केला आन् त्याच्याकडं पाह्यलं. मंग त्या बाईकडं गेली. तिले काई न इचारता लेकराच्या हनुवटीले हात लावला. कानामांगं पाह्यलं, पोटाले हात लावून ताप पाह्यला. "मधासारखी पपडी हाय," म्हणाली. "ताप नाई. पण आजच्या आज दाखवजो. याचा टॉवेल अलग ठेवजो. नखं काप." बाई मान हलवत राह्यली.

तेवढ्यात वर्ध्याची बस आली. मीनं पेटी चढवून देली. ती खिडकीपाशी बसली. मी खाली उभा. काईतरी बोलाले पायजे म्हणून माह्या तोंडून निंगालं, "ताई, मी पडलो अडाणी माणूस. बुद्दू. मले काय समजते? माफ कर."

कंडक्टरनं घंटी देली. ताईनं खिडकीतून खाली वाकून पाह्यलं.

"बुद्दू म्हणून सुटू नोको बाबूभाऊ," ती म्हणाली. "बुद्दू माणसानं त्याच दिवशी सांगून देलं असतं."